वाट की बाग? : सुरतेच्या कांकरा खाडीकाठच्या योजनेचे परीक्षण

ग्रंथाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रप्रदर्शनाचेही होते. महापालिकेने आखलेल्या वाटेचे मात्र होत नाही. तिच्याविषयी वृत्तपत्रांत खर्चाचा आकडा येतो, कोनशिलेचे छायाचित्र येते आणि पुढे कधी तरी एखादी तक्रार येते. वस्तुतः ग्रंथ न आवडल्यास तो मिटून ठेवता येतो; वाईट आखलेली वाट गावाला पिढ्यानपिढ्या तुडवावी लागते. ज्या कृतीची सक्ती इतकी दीर्घ, तिची चिकित्सा अधिक कसोशीने व्हावयास हवी. या भूमिकेवरून आम्ही सुरत शहरातील एका योजनेकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सुरतेच्या दक्षिणेकडील वस्त्यांतून कांकरा नावाची खाडी वाहते. कोकणात आणि गोव्यात खाडी म्हटली म्हणजे भरतीचे पाणी पोटात घेणारे रुंद पात्र डोळ्यांसमोर येते; सुरतेत मात्र शहरातून जाणाऱ्या ओढ्यासही खाडीच म्हणतात. आमच्या कोंकणी वाचकांनी तिला व्हाळ समजावे. या खाडीच्या काठावरील पट्ट्यात, डॉक्टर हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोली पुलापर्यंत, ८७ हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर जैवविविधता उद्यान करण्याचे सुरत महापालिकेने योजिले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या सुरत-भेटीत त्याची पायाभरणी झाली. केंद्र शासनाने २०१८ साली फ्रेंच विकाससंस्था व युरोपीय संघ यांच्या साहाय्याने नगरसुधारणेचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्यात देशभरातून निवडलेल्या बारा योजनांपैकी ही एक होय. त्याच बारांत हुबळी-धारवाडची योजनाही आहे, आणि ती एका नाल्याच्या काठाने चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी हरितमार्ग काढण्याची आहे. दोन्ही योजना एकाच कार्यक्रमातल्या, दोन्ही वाहत्या पाण्याच्या काठावरच्या. पण एकीने स्वतःस मार्ग म्हटले, दुसरीने उद्यान. हा फरक वरवरचा नाही. आमच्या परीक्षणाचा सगळा भार त्या एका फरकावर आहे.

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने या शहरातून लाखो माणसे पळाली होती. पुढच्याच वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराने जी शिस्त अंगी बाणविली, तिची कीर्ती देशभर झाली. तेव्हापासून सुरत महापालिका म्हणजे मनात आणलेले काम तडीस नेणारी संस्था, असा लौकिक आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ लाख लोकसंख्या नोंदविलेल्या, आणि जमिनीचा तुकडा हिऱ्याच्या खड्याप्रमाणे तोलणाऱ्या या शहरात ८७ हेक्टर भूमी झाडांसाठी राखून ठेवणे, हे धैर्याचे काम आहे. त्यातही हा पट्टा लांबट आहे. चौकोनी बागेच्या कडेला जितकी घरे लागतात त्यांहून कितीतरी अधिक घरे लांबट पट्ट्याच्या कडेला लागतात. म्हणून थोड्या जमिनीत पुष्कळांचे शेजारीपण लाभते. जागेची निवड उत्तम आहे, यात आम्हांस शंका नाही. शंका आहे ती जागेच्या वाचनाविषयी.

योजनेच्या नावापासूनच आरंभ करू. ‘वाइल्ड व्हॅली’ असे तिचे इंग्रजी नाव आहे. सुरत हे तापीच्या गाळाने घडलेल्या सपाट भूमीवर वसलेले शहर. येथे दरीही नाही आणि अरण्यही नाही. नाव ठेवणाऱ्याच्या मनात कोठले तरी डोंगराळ पर्यटनस्थळ असावे. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. आमच्या व्यवसायात दस्तऐवजाचे शीर्षक वाचूनच पक्षकाराचा मनोदय पुष्कळसा कळतो. ज्या जागेला ‘दरी’ म्हटले, तेथे माणूस सुटीच्या दिवशी सहलीस जातो. रोज सकाळी डबा घेऊन कामावर जाताना तिच्यातून जात नाही.

दुसरा शब्द याहून महत्त्वाचा. योजनेच्या अधिकृत वर्णनात खाडीकाठच्या या जमिनीस ‘वापरात नसलेली’ असे विशेषण लावलेले आहे. आपल्या देशात नदीनाल्याच्या काठची कोणतीही जमीन खरोखर वापराविना पडून राहते काय? तेथे गुरे चरतात, पोरे खेळतात, सरपण वेचले जाते, आणि मुख्य म्हणजे माणसे तेथून आडवाटेने जातात. पायवाट कोणीही मुद्दाम बांधीत नाही. ती पावलांनी उमटते, आणि ती जेथे उमटते तेथे लोकांची गरज आहे, असा तिचा स्पष्ट पुरावा असतो. जिच्यावर पक्की इमारत नाही आणि जिचे भाडे कोणी भरीत नाही, ती जमीन ‘वापरात नसलेली’, अशी महसुली दृष्टी आहे. त्या दृष्टीने आखणी केली की आधीच्या पायवाटा नकाशातून पुसल्या जातात, आणि मग त्याच जागी शोभेच्या वळणावळणाच्या नव्या वाटा काढाव्या लागतात. जुन्या वाटा कोठे तरी पोहोचत असत; नव्या फिरून आपल्याच आरंभाशी येतात.

आता कायद्याच्या प्रश्नाकडे वळू; कारण वाट आणि बाग यांतील खरा भेद तेथेच स्पष्ट होतो. सुरत महापालिकेचा कारभार १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली चालत आला आहे. तेव्हा सुरत मुंबई राज्यात होती. पुढे गुजरात वेगळा झाला आणि अलीकडे अधिनियमाच्या नावातला ‘मुंबई’ जाऊन ‘गुजरात’ आला. पुणे, नाशिक, कोल्हापूर या आपल्या महापालिकाही त्याच मूळ कायद्याची लेकरे होत. या कायद्यात ‘रस्ता’ या संज्ञेची व्याख्या अतिशय उदार आहे. तिच्यात राजमार्ग येतो, पूल येतो, पाण्यातून काढलेला बांधरस्ता येतो, गल्लीबोळ येतात, आणि पायवाटही येते. म्हणजे ज्या वाटेवरून मोटार कधीच जाणार नाही, तीही कायद्याच्या डोळ्यांना पूर्णार्थाने रस्ता ठरू शकते.

रस्ता ठरल्याने काय साधते? सार्वजनिक रस्ता महापालिकेकडे असतो तो लोकांच्या जाण्यायेण्यासाठी. त्याला कुलूप नसते, तिकीट नसते, त्याच्यावरून का चाललात असे विचारण्याचा अधिकार पहारेकऱ्यास नसतो. तो कायमचा बंद करावयाचा तर ठरावाची आणि जाहीर सूचनेची पायरी चढावी लागते. एकदा जो राजमार्ग झाला तो सदैव राजमार्ग, हे इंग्रजी विधिशास्त्रातले जुने वचन आपल्या न्यायालयांनाही परके नाही. बागेचे तसे नाही. बाग महापालिकेच्या नियमांनी चालते. आपल्याकडील बहुतेक बागांना सकाळची आणि सायंकाळची ठरावीक वेळ असते. वेळ बदलणे, तिकीट लावणे, सायकल आत आणण्यास मनाई करणे, यांपैकी कशासाठीही रस्त्याइतका खटाटोप करावा लागत नाही. बागेत आपण पाहुणे असतो. रस्त्यावर आपण हक्काने असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून निर्वेधपणे चालण्याचा पादचाऱ्याचा हक्क राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले. त्या हक्काचा आधार पदपथाला आहे. बागेतल्या फरसबंदीला तो मिळवून देण्यासाठी पुन्हा वाद घालावा लागेल.

हा वाद कोणासाठी घालावयाचा, हे पाहू. कांकरा खाडीच्या एका अंगास अलथाणकडील नव्या, सुखवस्तू वसाहती आहेत. दुसऱ्या अंगास बमरोली आणि त्याला लागून पांडेसरा, जेथे यंत्रमाग आहेत, रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत आणि त्यांत राबणाऱ्यांच्या खोल्या आहेत. या भागात ओडिशातला गंजाम आहे, उत्तर प्रदेश आणि बिहार आहे. आणि आपला खानदेशही आहे. जळगावहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग उधना येथे मुख्य मार्गाला मिळतो. त्या मार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावच्या कित्येक पिढ्या सुरतेत उतरल्या, आणि उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा येथे स्थिरावल्या. महापालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात त्या यांच्याच मुलांसाठी. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. पाळी बहुधा सकाळी सातला आणि सायंकाळी सातला बदलते. म्हणजे ज्या वेळी हा कामगार घरातून निघतो किंवा परततो, ती वेळ हिवाळ्यात उजाडण्याच्या आणि अंधारण्याच्या सीमेवरची असते. त्याला हवी असते ती सावलीची, दिव्याची, मोटारींच्या धडकेपासून सुरक्षित अशी सरळ वाट. बागेची वेळ सांभाळणारे फाटक त्याच्या पाळीची वेळ सांभाळील, याची शाश्वती काय?

येथे एक दृष्टिदोष आम्हांस दिसतो, आणि तो एकट्या सुरतेचा नव्हे. चालणे आणि सायकल चालविणे या गोष्टी आपल्या नगररचनाकारांना अलीकडे पुन्हा आवडू लागल्या आहेत. पण त्या व्यायाम म्हणून आवडू लागल्या आहेत. पहाटे विशेष पादत्राणे घालून चालणारा मनुष्य त्यांना ‘चालणारा’ वाटतो. खांद्यावर पिशवी टाकून गिरणीकडे जाणारा त्यांच्या हिशेबी चालणारा नव्हेच. एकाला आरोग्य हवे आहे, दुसऱ्याला बसभाडे वाचवावयाचे आहे. पहिल्याचे मागणे आम्ही तुच्छ लेखीत नाही. परंतु पहिल्याची बाग केल्याने दुसऱ्याची वाट होत नाही. उलट दुसऱ्याची वाट नीट केली तर पहिल्याला तिच्यावर फिरावयास कोणीच अडवीत नाही. लोकांच्या पैशातून होणाऱ्या कामात या दोहोंपैकी कोणाला अग्रमान द्यावयाचा, हे यावरूनच ठरावे.

वाटेची दुसरी कसोटी म्हणजे ती ओलांडता येणे. ओढ्याच्या काठाने जाणाऱ्या मार्गात एक विसंगती जन्मजात असते: तो काठाच्या लांबीने माणसांना जोडतो, पण रुंदीने तोडतो. दोन टोकांना दोन मोठे पूल आहेत. त्यांच्या मधल्या अंतरात बमरोलीकडच्या बाईस पलीकडच्या घरी धुण्याभांड्याच्या कामास जावयाचे असेल तर तिने कोठून ओलांडावे? हलके पादचारी पूल, दोन्ही काठांच्या गल्ल्यांच्या तोंडाशी उघडणारे, जितके अधिक तितकी ही जागा दोन वस्त्यांना जोडणारी शिवण होईल. जितके कमी तितकी ती हिरव्या रंगाची भिंत होईल. पुण्याचा अनुभव याच संदर्भात ध्यानी घेण्याजोगा आहे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्याने २०१७ साली सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. पण प्रत्यक्षात तेथील सायकलस्वारास जे वाट्याला आले ते तुटक तुटक पट्टे, चौकात येऊन अकस्मात संपणारे. वाटेचे मोल तिच्या सर्वांत सुंदर भागावरून ठरत नाही. ती जेथे तुटते तेथे ठरते.

आमच्या म्हणण्यावर जो आक्षेप येईल तो दुर्बळ नाही, हे आम्ही जाणतो. कोणी म्हणेल, ही जागा पक्ष्यांसाठी, झुडपांसाठी, कीटकांसाठी राखली आहे. तिच्यातून रात्रंदिवस रहदारी सोडली तर जैवविविधता राहील कोठे? शिवाय रात्री उघड्या राहणाऱ्या झाडीत स्त्रियांच्या सुरक्षिततेचे काय? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिल्याचे उत्तर असे की, वाट आणि रान एकमेकांत कालवू नयेत, शेजारी ठेवावेत. रानाला कुंपण असावे, फाटक असावे, वेळही असावी. पण कुंपणाच्या बाहेरून, वस्तीच्या बाजूने, दिव्यांची आणि झाडांच्या रांगेची वाट अखंड जावी, आणि तिला कुलूप नसावे. खाडीच्या दोन्ही काठांनी मिळून आठ किलोमीटर वाट धरली आणि ती सहा मीटर रुंद ठेवली, तरी तिला ४.८ हेक्टर जमीन पुरते. ८७ हेक्टरांचा हा सुमारे अठरावा हिस्सा. सतरा हिस्से पाखरांना देऊन एक हिस्सा माणसांच्या पावलांना देणे, ही काही निसर्गाची लूट नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९६१ सालीच जेन जेकब्ज या लेखिकेने अमेरिकन शहरांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात देऊन ठेवले आहे. रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर सतत असणाऱ्या माणसांमुळे आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या खिडक्यांमुळे, असा तिचा सिद्धान्त; आणि बाग केवळ बाग आहे म्हणून चांगली ठरत नाही, असेही तिने बजावले होते. बागेच्या पोटातली वाट संध्याकाळनंतर निर्जन होते. वस्तीच्या कडेने गेलेल्या वाटेवर पाळीवरून परतणारे कामगार असतात, चहाची टपरी असते, दारात बसलेली आजी असते. स्त्रियांच्या सुरक्षिततेला एका पहारेकऱ्यापेक्षा या साऱ्यांचा आधार मोठा.

पाण्याचाही विचार केला पाहिजे, कारण या योजनेत खाडी ही पाहुणी नाही, यजमान आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला जो महापूर आला, त्यात सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तापीचा पूर जगाला ठाऊक आहे. पण सुरतेच्या मजूर-वस्त्यांना दुसरा एक पूर ठाऊक आहे, त्याला तेथे ‘खाडीपूर’ असेच म्हणतात. २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये नदी नव्हे, खाड्या घरांत शिरल्या. अशा खाडीच्या काठी जे काही करावयाचे ते तिला फुगण्यास जागा ठेवूनच केले पाहिजे. अमेरिकेत बॉस्टन येथे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड याने १८७८ पासून एका गलिच्छ ओढ्याच्या काठाने जी उद्यानमाला रचली, ती आज शोभेसाठी दाखविली जाते. परंतु तिचा जन्म शोभेसाठी झाला नव्हता. सांडपाण्याची घाण आणि भरतीच्या पाण्याचा तुंबारा यांवर उपाय म्हणून ते काम निघाले. आधी पाण्याला वाट करून दिली, मग माणसांना. क्रम महत्त्वाचा आहे. ओढ्यात गिरण्यांचे व गटारांचे पाणी येतच राहिले, तर काठावर लाख झाडे लावूनही चालणारा नाकाला रुमाल लावूनच चालेल.

जलाशयाच्या काठी सायकलमार्ग बांधताना क्रम चुकला म्हणजे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. पवई तलावाच्या काठी महापालिकेने सायकलीसाठी आणि धावण्यासाठी मार्ग बांधावयास घेतला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदेशीर ठरवून काढून टाकण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पाणथळ जागांविषयीचे नियम महापालिकेच्या सद्धेतूपुढे वाकले नाहीत, आणि ते योग्यच झाले. सायकल हे निरुपद्रवी वाहन खरे. पण तिच्यासाठी टाकलेला भराव निरुपद्रवी नसतो. म्हणून वाट पाण्याच्या कडेला नव्हे, वस्तीच्या कडेला असावी, हे आमचे म्हणणे जैवविविधतेच्या विरुद्ध जात नाही. तिच्याच बाजूचे आहे.

मुंबईचेच आणखी एक उदाहरण अधिक वेदनादायक आहे. तानसा तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या मोठ्या जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंस दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. कारण होते पाण्याची सुरक्षितता. वस्त्या हटल्या, आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर ३९ किलोमीटरांचा हरित सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने मांडली. कागदावर ती मोठी मनोहर होती. परंतु हटविलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना माहुल येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, नेऊन ठेवले गेले. तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच म्हटले होते. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयास सांगावे लागले की, या लोकांना माहुलची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाही तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. शहराच्या एका भागाला स्वच्छ हवा खात सायकल चालविता यावी म्हणून मोकळा दाखविलेला पट्टा, आणि त्याच पट्ट्यावरून उठलेली माणसे विषारी हवेत: हा विरोध एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्याला भडक म्हटले असते.

हे उदाहरण आम्ही कांकराकाठावर आरोप म्हणून देत नाही. पुढच्या पावलासाठी सावधगिरी म्हणून देतो. एका खाडीकाठी यश आले की तोच कित्ता दुसऱ्या खाड्यांच्या काठी गिरविण्याची इच्छा होणार, आणि ती इच्छा योग्यही आहे. परंतु लिंबायतमधील मीठी खाडीसारख्या खाड्यांच्या काठी दाट वस्त्या आहेत. तेथे जमिनीला ‘वापरात नसलेली’ म्हणणे म्हणजे माणसांना नसलेली म्हणणे होईल. १९८५ साली ऑल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदपथ हा चालण्यासाठी आहे, राहण्यासाठी नव्हे, असे सांगितले. पण त्याच निकालात उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात येतो असेही सांगितले, आणि पावसाळा संपेपर्यंत कोणास हटवू नये असे फर्माविले. निकालाचे पहिले वाक्य महापालिकांना पाठ असते. दुसरेही पाठ असावे.

मग करावे काय? गुजरातजवळ यासाठी एक उत्तम हत्यार आहे, आणि ते हत्यार मुळात आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यात घडले. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून चालत आलेली आणि १९७६ च्या गुजरात अधिनियमाने पुढे नेलेली नगररचना-परियोजनेची ही पद्धत: जमीनमालकांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, त्यांतून लोकोपयोगी भाग काढावयाचा, आणि उरलेले भूखंड नव्या आकारात त्यांनाच परत द्यावयाचे. या अधिनियमात कशासाठी किती जमीन, याचे प्रमाणही दिले आहे: रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्याने-मैदाने-मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, सामाजिक सोयींसाठी ५ टक्के, आणि खर्च भागविण्याकरिता विक्रीसाठी १५ टक्के. पाहा, रस्ता आणि बाग हे येथे दोन वेगळे रकाने आहेत. हरितमार्ग बागेच्या रकान्यात लिहिला की तो बागेचा होतो. रस्त्याच्या रकान्यात लिहिला की लोकांचा होतो. सुरत महापालिकेने खाडीकाठची अखंड वाट आपल्या नकाशात रस्ता म्हणून दाखवावी, तिला सार्वजनिक रस्त्याचा दर्जा द्यावा, आणि पुढच्या प्रत्येक परियोजनेत तिला जोडणाऱ्या गल्ल्या याच रकान्यातून काढाव्या. यास कोणत्याही परदेशी कर्जाची आवश्यकता नाही. नकाशावर एक रंग बदलावा लागतो. वाटेवर दिवे पाळीच्या वेळेप्रमाणे लागावे, ओलांडण्यास पूल असावे, आणि पाट्यांवर गुजरातीबरोबर हिंदी, ओडिया व मराठीही असावी, म्हणजे वाट कोणासाठी आहे हे वाचताक्षणीच कळेल.

गोमंतकीय वाचकांपुढे यातला मर्म मांडण्यास आम्हांस दूर जावे लागत नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा मांडवीकाठचा बांधरस्ता सुमारे १६३३-३४ मध्ये लिन्यारिश या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या काळात झाला. त्याच्या एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस मिठागरे आणि तिवरांची झाडी. लांबी सुमारे तीन किलोमीटर. आपल्या किनाऱ्यावर पाण्याच्या संगतीने जाणारी याहून रम्य वाट क्वचितच सापडेल. परंतु ती रम्यतेसाठी बांधली नव्हती. माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावास कोरड्या पायांनी जाता यावे म्हणून बांधली. म्हणूनच राजसत्ता गेली, राजधानी हलली, तरी ती उरली. व्हाइसरॉयांनी आपल्या मौजेसाठी केलेल्या बागांची तेवढी आठवण आज कोणास आहे? त्याच बांधावर आता मोटारींनी चालणाऱ्याचा वाटा गिळला आहे, हाही धडा घ्यावा: वाट नुसती असून भागत नाही, तिच्यावरचा पावलांचा भाग लेखी आणि प्रत्यक्ष राखावा लागतो.

सारांश, कांकरा खाडीकाठची योजना ही चांगल्या हेतूने आणि मोठ्या मनाने केलेली कृती आहे. पण तिने स्वतःस चुकीच्या जातीत घातले आहे. मराठीत आणि कोंकणीत ‘वाट’ हा शब्द एकच आहे, आणि दोन्हीकडे त्याचा पहिला अर्थ ‘जिच्यावरून जाता येते ती’ हाच आहे. सुरतेसारख्या कर्त्या शहराने झाडे लावावी, पाखरे आणावी, दरी नसताना दरीचे नावही खुशाल ठेवावे. मात्र रात्रपाळी संपवून सायकलीवर निघालेल्या माणसाला त्या हिरवाईतून घरी जाता येते की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरावरच पुढची पिढी या कामाची किंमत ठरवील.